लोकमताची मोजदाद

भातकापणीच्या दिवसांत पेण आणि रोहा तालुक्यांतील एखाद्या शेताच्या बांधावर चार माणसें टेप आणि तराजू घेऊन उभीं असलेलीं दिसतात. शेतकरी, तलाठी किंवा कृषि खात्याचा सेवक आणि गांवांतील एकदोन जाणते असा तो मेळा असतो. तें शेत त्यांनीं आपल्या पसंतीनें निवडलेलें नसतें. जमिनीचे क्रमांक चिठ्ठ्या उचलाव्या तसे काढून तें ठरलेलें असतें. शेतांत उतरल्यावरहि जेथें पीक दाट दिसतें तेथें कापणी करावयाची नाहीं, आणि जेथें विरळ दिसतें तेथेंहि नाहीं. आडवें किती जावयाचें व उभें किती जावयाचें हें आगाऊ मिळालेल्या अंकांवरून काढावयाचें, तेथें ठराविक मापाचा चौकोन आंखावयाचा, आणि तेवढेंच भात कापून, झोडून त्याचें वजन करावयाचें. अशा थोड्याशा चौकोनांवरून साऱ्या भागाचें उत्पन्न किती आलें याचा हिशेब बसतो. पैसेवारी ५० पैशांच्या खालीं गेली म्हणजे सूट-सवलतींचा मार्ग मोकळा होतो. तेव्हां त्या चौकोनाकडे शेतकरी किती बारकाईनें पाहत असेल, हें सांगावयास नको.

जुन्या आणेवारींत पीक डोळ्यांनीं अजमावीत. सोळा आणे पीक कशाला म्हणावें यावरच एकमत होत नसे. रयतेला पीक कमी दिसे आणि सरकारला जास्त दिसे, आणि दोघांचेहि डोळे प्रामाणिक असण्याचा संभव असे. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत हें डोळ्यांचें काम तराजूकडे सोंपविण्याची पद्धत देशांत रुजविली. त्यांचें मुख्य सूत्र असें कीं, नमुना कोणता घ्यावयाचा हें माणसाच्या मर्जीवर ठेवूं नये. माणूस निवडूं लागला कीं तो नकळत आपल्याला हवें तेंच निवडतो.

या विद्येशीं रोह्याचा आणखी एक संबंध आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ सालीं महाडजवळ नाते येथें झाला आणि त्यांचें बाळपण रोह्यास गेलें. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढें देशाचे अर्थमंत्री म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं कलकत्त्यास स्थापिलेल्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे ते १९४५ पासून १९६४ पर्यंत अध्यक्ष होते, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. ते अर्थमंत्री असतांनाच, १९५० च्या ऑक्टोबरांत, राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी सुरू झाली. देशांतील थोड्या घरांना विचारून साऱ्या देशाची मिळकत, खर्च आणि खाणें-पिणें कसें आहे तें जाणण्याचा तो प्रयत्न होता, आणि आकारानें त्या काळच्या जगांत फार मोठा होता.

अमेरिकेंत हेंच तंत्र माणसांच्या मनांवर चालविलें जातें. आपल्याकडील वृत्तपत्रांतून अधूनमधून बातमी येते कीं, अध्यक्षांच्या कारभारावर अमेरिकेंतील शंभरांपैकीं अमुक लोक समाधानी आहेत, परदेशी मालावरील जकातीला इतक्यांचा विरोध आहे, बाहेरून येऊन राहणाऱ्यांविषयीं इतक्यांचें मत कठोर झालें आहे. वाचणाराच्या मनांत पहिली शंका येते ती अशी कीं, तेहतीस-चौतीस कोटींच्या देशांत हें कोणीं, कोणाला, केव्हां विचारलें? उत्तर ऐकून ती शंका दुणावते. कारण बहुधा हजार-दीड हजार माणसांनाच विचारलेलें असतें.

शितावरून भाताची परीक्षा प्रत्येक घरांत रोज होते आणि तिच्यावर कोणी शंका घेत नाहीं. मात्र वरचें शीत शिजलेलें असतें तेव्हां मधलें कच्चें आणि तळचें करपलेलें असूं शकतें, हें सुगरणीला ठाऊक असतें. म्हणून ती पळी आंत घालून, खालवर करून मग शीत उचलते. नीट खालवर केलेलें असेल तर पातेलें चार माणसांचें असो कीं लग्नघरचा हंडा असो, शितें तितकींच पुरतात. हजार माणसें चिठ्ठ्या टाकून निवडलीं तर त्यांच्या उत्तरांत वर किंवा खालीं सुमारे ३ टक्क्यांची चूक संभवते. मग तीं हजार माणसें एकट्या रोहा तालुक्यांतून निवडलेलीं असोत किंवा साऱ्या अमेरिकेंतून. ही चूक निम्मी करावयाची तर माणसें चौपट घ्यावीं लागतात. म्हणून एका पक्षाला ४८ आणि दुसऱ्याला ४६ असा आंकडा छापून आला तर त्यावरून कोण पुढें आहे हें कांहींच ठरत नाहीं, तरी मथळा मात्र त्या दोन टक्क्यांवरच बांधलेला असतो.

आणि खालवर न करतां कितीहि शितें उचललीं तरी उपयोग नाहीं. याचा धडा अमेरिकेला १९३६ सालीं मिळाला. ‘लिटररी डायजेस्ट’ नांवाच्या प्रतिष्ठित साप्ताहिकाचे अध्यक्षीय निवडणुकींचे अंदाज १९१६ पासून लागोपाठ खरे ठरत आले होते. त्या वर्षीं त्यानें सुमारे एक कोटि लोकांकडे टपालानें मतपत्रिका धाडल्या आणि वीस लाखांहून अधिक परत आल्या. हा कौल आकारानें फार मोठा होता. त्यांत लँडन यांना ५७ टक्के आणि रूझवेल्ट यांना ४३ टक्के मतें निघालीं. प्रत्यक्ष निवडणुकींत रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतें घेऊन आले आणि लँडन यांच्या पदरीं मेन आणि व्हरमाँट हीं दोनच राज्यें पडलीं. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींवरून. मंदीच्या त्या काळांत ज्याच्या घरीं टेलिफोन आणि दारीं मोटार, तो रूझवेल्टवर रुष्ट असावा यांत नवल तें काय? शिवाय, मतपत्रिका मिळूनहि परत न धाडणारेच अधिक होते, आणि त्यांचा कल धाडणाऱ्यांहून निराळा होता. हें दुसरें कारण पहिल्याइतकेंच, कदाचित् अधिकहि वजनदार होतें, असें पुढील अभ्यासकांचें मत पडलें. दोन वर्षांत तें साप्ताहिक बंद पडलें.

त्याच वेळीं जॉर्ज गॅलप या गृहस्थानें, १९३५ सालीं स्थापिलेल्या आपल्या संस्थेमार्फत, कांहीं हजार माणसांना विचारून रूझवेल्ट निवडून येणार असें सांगितलें होतें. इतकेंच नव्हे, तर डायजेस्टचा कौल किती चुकणार हेंहि त्यानें त्यांच्या मतपत्रिका निघण्यापूर्वींच वर्तविलें. तेव्हांपासून अमेरिकेंत गॅलप हें नांव लोकमताच्या चाचणीला समानार्थी होऊन बसलें. पण १९४८ सालीं त्याचाहि गर्व उतरला. त्याच्या अखेरच्या अंदाजांत ड्यूई यांना ४९.५ टक्के आणि ट्रूमन यांना ४४.५ टक्के होते, ट्रूमन ४९.५ टक्के मतें घेऊन निवडून आले. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके शहरी, इतके खेडुत अशी वांटणी ठरवून देऊन त्या मर्यादेंत माणसें निवडण्याचें काम विचारणाऱ्यांवर सोंपविलें होतें. विचारणाऱ्यानें स्वाभाविकपणें जो भेटावयास सोपा, बोलावयास बरा, त्यालाच गांठलें. दुसरें असें कीं, निवडणुकीच्या बरेंच आधीं विचारणें थांबविलें होतें, आणि लोकांचीं मनें थांबलीं नव्हतीं. सुखात्मे-पानसे यांचें सूत्र आणि गॅलपची ही चूक एकाच नाण्याच्या दोन बाजू होत.

आतां खरा अवघड भाग. कोणाला विचारावें हा प्रश्न गणितानें पुष्कळसा सुटतो. काय विचारावें हा सुटत नाहीं. डोनाल्ड रग या संशोधकानें १९४१ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतींत फार बोलका आहे. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणें करण्यास ‘परवानगी द्यावी काय’ असें कांहीं लोकांना विचारलें, आणि तशाच दुसऱ्या कांहीं लोकांना अशीं भाषणें करण्यास ‘मनाई करावी काय’ असें विचारलें. मत सांगणाऱ्यांपैकीं पहिल्या गटांतील चारांतले तीन परवानगी देऊं नये म्हणाले. दुसऱ्या गटांत मनाई करावी म्हणणारे निम्म्यांहून किंचितच अधिक निघाले. परवानगी न देणें आणि मनाई करणें यांत व्यवहारांत कांहींहि भेद नाहीं. पण ‘मनाई’ हा शब्द कठोर आहे, आणि भल्या माणसाला कठोर होणें आवडत नाहीं.

मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचें उदाहरण हवें असेल तर तें गोव्याचें आहे. तेथें १६ जानेवारी १९६७ रोजीं जें मतदान झालें त्याचें कायद्यांतील नांवच ‘ओपिनियन पोल’ असें होतें. मराठींत त्याला जनमत कौल म्हणतात. महाराष्ट्रांत विलीन व्हावयाचें असेल तर फूल, केंद्रशासित राहावयाचें असेल तर दोन पानें, अशीं चिन्हें होतीं. पानांना १,७२,१९१ मतें पडलीं आणि फुलाला १,३८,१७०. म्हणजे ३४,०२१ मतांच्या अंतरानें विलीनीकरण फेटाळलें गेलें. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे दयानंद बांदोडकर यांचें मंत्रिमंडळ हा कौल निःपक्ष व्हावा म्हणून आधीं पायउतार झालें होतें. पुढें मार्च महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली तेव्हां त्याच मतदारांनीं बांदोडकरांच्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हां सत्तेवर बसविलें. यांत विसंगति पाहणारांनीं लोकांस चंचल ठरविलें; परंतु लोकांना दोन वेळां दोन निरनिराळे प्रश्न विचारले गेले आणि त्यांनीं दोन निरनिराळीं उत्तरें दिलीं, एवढाच त्याचा अर्थ. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मतपत्रिकेवर दोनच वाटा होत्या. गोव्याचें स्वतंत्र घटक राज्य व्हावें ही तिसरी वाट तींत नव्हती. ती ३० मे १९८७ रोजीं प्रत्यक्षांत आली. जें विचारलेंच नाहीं त्याचें उत्तर कोणत्याहि कौलांत सांपडत नाहीं.

आजच्या अमेरिकेंत निराळीच अडचण उभी आहे. टेलिफोन घरोघर झाले, आणि लोक ते उचलीनासे झाले. प्यू नांवाची तेथील नामांकित संशोधन संस्था टेलिफोनवरून पाहणी करी, तेव्हां १९९७ सालीं शंभर ठिकाणीं प्रयत्न केला तर ३६ ठिकाणीं मुलाखत पुरी होई. २०१८ सालीं ती संख्या ६ वर आली. उरलेल्या ९४ जणांचें मत या ६ जणांसारखेंच असेल हें कशावरून धरावें? मग तरुण कमी मिळाले तर त्यांच्या उत्तरांना अधिक वजन द्यावयाचें, कमी शिकलेले कमी मिळाले तर त्यांना अधिक द्यावयाचें, अशी जुळवाजुळव करावी लागते. २०१६ सालीं कित्येक राज्यांतील चाचण्यांत शिक्षणाचें हें वजन धरलें नव्हतें आणि ट्रंप यांचें बळ कमी दिसलें. २०२० मध्यें तें धरूनहि चूक झालीच. आमच्याकडे तर विचारणारा दारांत उभा राहिला कीं घरांतील कर्ता पुरुष सर्वांच्या वतीनें उत्तर देतो, आणि सुनेला काय वाटतें हें सासऱ्यानें सांगितलेलें आंकड्यांत जातें. कोंकणांतील माणूस तर ‘बघूं’ या एका शब्दावर विचारणाऱ्याला परत लावतो. तो शब्द कोणत्या रकान्यांत घालावयाचा?

शिवाय येथें मतांवरून जागांचा हिशेब करावा लागतो आणि तेथें पुष्कळांचे हात पोळतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत महाराष्ट्रांत दोन्ही आघाड्यांच्या मतांचें प्रमाण जवळजवळ सारखें होतें, परंतु जागा मिळाल्या एकीला ३० आणि दुसरीला १७. साऱ्या राज्याच्या पाहणींत पेण किंवा रोहा या एका तालुक्यांतील माणसें येतीं तीं मूठभर. तेवढ्यांवरून ‘रायगडची हवा’ सांगणारा जाणता संख्याशास्त्राचा आधार सोडून बोलत असतो. रायगड लोकसभा मतदारसंघ दक्षिणेकडे दापोली-गुहागरपर्यंत पसरलेला आहे, हें तर अनेकांच्या गांवींहि नसतें.

नमुना न घेतां, ज्यांचा प्रश्न त्या सर्वांनाच विचारावें, असाहि एक मार्ग आहे, आणि तो पेण तालुक्यानें २००८ सालीं अनुभविला. मुंबईपलीकडे उरण, पेण आणि पनवेल या तीन तालुक्यांतील ४५ गांवांची सुमारे दहा हजार हेक्टर जमीन रिलायन्स उद्योगसमूहाच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं, म्हणजे लोकांच्या तोंडीं ‘सेझ’साठीं, संपादन करण्याचा घाट घातला गेला होता. शेतकऱ्यांचें आंदोलन उभें राहिलें; प्रा. एन. डी. पाटील आणि उल्का महाजन हीं त्याच्या अग्रभागीं होतीं. पेण तालुक्यांतील २२ गांवें हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांत येत होतीं. ओलिताची शेती कारखान्यांस देऊं नये असें एकीकडे सरकारी धोरण आणि दुसरीकडे त्याच शेतांवर संपादनाच्या नोटिसा, हा पेंच सुटेना. तेव्हां शासनानें त्या २२ गांवांतील जमीनधारकांचें मत घेण्याचें ठरविलें. रविवार, २१ सप्टेंबर २००८ रोजीं जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं गांवोगांव मतदान झालें. जमीन द्यावयाची कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता. मत देणाऱ्यांपैकीं फार मोठ्या बहुसंख्येनें नाहीं असें सांगितलें.

या कौलाला कायद्याचें पाठबळ नव्हतें. १८९४ च्या भूसंपादन कायद्यांत जमीनमालकाला हरकत नोंदविण्याची सोय होती. गांवाचा कौल घेण्याची नव्हती. पुढें कायद्यानें घालून दिलेल्या मुदतींत संपादन पुरें झालें नाहीं आणि ती सारी कारवाई संपुष्टांत आली. तें केवळ कौलामुळें झालें असें म्हणणें धाडसाचें होईल. आंदोलनाचा रेटा होता, आणि त्याच वर्षीं जगभर आलेल्या मंदीनें उद्योगपतींचे हिशेबहि बदलले होते. परंतु एका भांडवली योजनेबद्दल सरकारनें शेतकऱ्यांना रीतसर मतपत्रिका देऊन विचारावें, ही गोष्ट देशांत नवी होती आणि तिचा गाजावाजा झाला तो योग्यच झाला.

तरीसुद्धां डायजेस्टला विचारलेला प्रश्न येथेंहि विचारावा लागतो. यादी कोणती होती? यादी होती जमिनीच्या नोंदींवरून केलेली. एका सातबाऱ्यावर चार भावांचीं नांवें असतात, त्यांपैकीं दोघे मुंबईस असतात, बहिणींचीं नांवें कधीं चढलेलीं तर कधीं उतरलेलीं असतात, आणि जी बाई त्या शेतांत जन्मभर लावणी करीत आली तिचें नांव बहुधा कोठेंच नसतें. दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर, मिठागरावरील कामगार, खाडींत जाळें टाकणारा कोळी, कातकरी वाडींतील कुटुंब, यांचें पोटहि त्याच जमिनीवर आणि त्याच खाडीवर अवलंबून. पण ज्याच्या नांवें जमीन नाहीं त्याचें मत विचारण्याचें कारण शासनाला दिसलें नाहीं.

खारेपाटांत तर याहून खोल एक गोष्ट आहे. तेथील भातशेती समुद्राच्या भरतीपासून मातीच्या लांबलचक बांधांनीं राखलेली असते. बांध एक आणि त्याच्या आंतील शेतें अनेकांचीं. आपल्या वांट्याचा बांध एकानें राखला नाहीं आणि त्याला खांड पडली, तर खारें पाणी त्याच्याच शेतांत थांबत नाहीं. साऱ्यांचीं शेतें नापीक करतें. म्हणजे एकाचें ‘देतों’ आणि शेजाऱ्याचें ‘देत नाहीं’ हीं दोन मतें कागदावर जितकीं सुटीं असतात तितकीं जमिनीवर नसतात. लोकमत मोजणारे माणसांना सुट्या शितांसारखें धरतात. अध्यक्षांच्या कारभाराबद्दल विचारावयाचें असेल तर तें चालतें. बांधाच्या आंतील माणसांना जमिनीबद्दल विचारावयाचें असेल तर बेरजेच्या आधीं त्यांना एकत्र बसून बोलण्यास अवधि द्यावा लागतो. पेणच्या गांवांना तो अवधि मिळाला होता, कारण मतदानापूर्वीं दोन-अडीच वर्षें तेथें दुसरा विषयच नव्हता. आणि म्हणून त्यांचें उत्तर टेलिफोनवर एका मिनिटांत दिलेल्या उत्तराहून निराळ्या मोलाचें होतें.

पुढें १८९४ चा कायदा गेला आणि २०१३ सालीं संसदेनें नवा केला. तो १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आला. खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची असेल तर बाधित कुटुंबांपैकीं ८० टक्क्यांची, आणि सरकार व खाजगी कंपनी यांच्या भागीदारीच्या कामासाठीं ७० टक्क्यांची, पूर्वसंमति त्यांत आवश्यक ठरविली आहे. ‘बाधित कुटुंब’ या शब्दाची व्याख्याहि त्या कायद्यानें उदार केली; संपादनापूर्वीं तीन वर्षें ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर होती ते शेतमजूर, कुळें, आणि पाण्यावर पोट असलेले मासेमारहि तींत येतात. त्यांना पुनर्वसन मिळावें अशी तरतूद आहे. मात्र संमतीचे ८० टक्के मोजतांना जीं कुटुंबें धरावयाचीं तीं त्याच व्याख्येच्या दोनच पोटकलमांतील आहेत: जमिनीचे मालक, आणि सरकारी योजनेंत ज्यांना जमीन वांटून मिळाली आहे ते.